बिननारळाचा सरपंच

आमच्या खैरपाड्याच्या प्रवीण पेमारेनं माझ्याकडून पहिल्यांदा माईक घेतला, तेव्हा तो उलटा धरला होता. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा, कडाव नाक्यावर दुकान. हळदी, बारशी, क्रिकेटच्या टुर्नामेंटी आणि झाडून सगळ्या पक्षांच्या सभा माझ्याच स्पीकरवर होतात. त्यामुळे कोण माईक कसा धरतो त्यावरून तो पुढं कुठवर जाणार हे मला कळतं, असा माझा समज होता. माईकवर बोट मारून 'हॅलो हॅलो' करणारा ग्रामपंचायतीत जातो. फुंकर मारणारा पंचायत समितीवर जातो. जो माईक स्वतः धरतच नाही, दुसऱ्याला धरून उभं करतो, तो आमदार होतो. उलटा धरणारा मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि मी मनात म्हटलं, हे पोरगं काही कुठं जात नाही.

त्याआधीची त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच आटोपली होती. कर्जतच्या कॉलेजात असताना त्याला लाल बावट्याचा नाद लागला. बी.ए. झाल्यावर तो खोपोलीकडं एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला आणि लागल्या लागल्या त्यानं युनियन काढली. अध्यक्ष तोच, सरचिटणीस तोच आणि सभासदही तोच, कारण बाकीचे म्हणाले, तू हो पुढं, आम्ही येतो मागून. कंपनीनं त्याला कामावरून काढलं, म्हणजे एका झटक्यात अख्खी युनियन बडतर्फ झाली. मग हा गेटवर उभा राहून घोषणा द्यायला लागला. 'कामगार एकजुटीचा' असं तो ओरडायचा, आणि पुढचं 'विजय असो' म्हणायला कुणीच नव्हतं. शेवटी गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला दया आली आणि तो हळू आवाजात 'विजय असो' म्हणायला लागला. संध्याकाळी दोघांनी मिळून चहा घेतला आणि आंदोलन स्थगित झालं.

घरी आई अंबाबाई आणि दोन म्हशी. बाप लहानपणीच गेलेला. अंबाबाई दूध कडावच्या डेअरीवर घालायची आणि त्यावर घरही चालायचं आणि पोराची क्रांतीही. मी एकदा तिला म्हटलं, "वैनी, पोराला कुठंतरी चिकटव." ती म्हणाली, "चिकटतो गं बया म्हनायची सोय नाय पदूभावजी. जिथं चिकटवावा तितला रंगच उडवून येतो."

आता त्या रस्त्याचं सांगायला हवं. खैरपाड्याच्या मागं भातशेती, आणि शेती संपली की डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी. गाव आणि वाडी यांच्यामध्ये बांधावरची पायवाट. तिथं रस्ता होणार, असं मी लहान असल्यापासून ऐकत होतो. रस्ता झाला नव्हता, पण रस्त्याच्या कोनशिला झाल्या होत्या. गावाच्या टोकाला विटांच्या तीन ओट्यांवर तीन संगमरवरी पाट्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर 'शुभहस्ते' आणि कुणाकुणाचं नाव. बायका त्यांवर कपड्यांचे पिळे ठेवत. पहिली पाटी बुधाजीदादांची. दादा म्हणजे आमच्याकडचं जुनं पुढारीपण: पांढरेशुभ्र कपडे, सगळ्या पक्षांत मुक्काम करून आलेले, आणि नारळ फोडण्यात तालुक्यात एक नंबर. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या. नारळ फुटला की माझ्या स्पीकरवर सनई लागायची, मग भाषणं, मग जेवणं, आणि रस्ता तेवढा राहून जायचा.

तर प्रवीणनं दादांच्या त्या कोनशिलेचा वाढदिवस केला. कर्जतहून केक आणला, पाटीला फुगे बांधले, मेणबत्त्या लावल्या, आणि उलट्या माईकवरून 'तुम जियो हजारो साल' म्हटलं. मी माईक सरळ करून दिला तोवर निम्मं गाणं संपलं होतं. गाव लोटलं. लोकांनी मोबाईलवर चित्रण करून इकडंतिकडं पाठवलं आणि दोन दिवसांत कळंबपासून खालापूरपर्यंत दादांचं हसं झालं. त्यांना बिचाऱ्यांना कुठल्याही हळदीत गेलं की कुणीतरी विचारायचं, "दादा, पोरगी केवढी झाली आता?"

केकचा पहिला तुकडा प्रवीणनं वाडीवरच्या चिमाला दिला. चिमा म्हणजे वाडीतली सगळ्यांत कडक म्हातारी. मुलगा आणि सून हंगामात वीटभट्टीवर जायचे आणि नात रूपाली हिच्याजवळ असायची. तिनं केक खाल्ला, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "दगडाचा वाढदिस करतंस. माज्या नातीचा कुनी केला नाय."

सगळे हसले. प्रवीण नाही हसला. रूपाली तेव्हा दुसरीत होती, आजीचा पदर धरून फुग्यांकडं बघत उभी होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं कडावला जावं लागतं. वाडीवरच्या पोरी सातवीनंतर शाळेत जात नव्हत्या. एवढं अंतर रोज चालायचं म्हणजे जाऊन येऊन दिवस संपतो, मग पोरगी आईबापांबरोबर भट्टीवर जाते आणि तिची शाळा तिथंच मिटते. प्रवीण चिमाला म्हणाला, "आजी, ही आठवीत जाईल ना, तवा वाडीवरून यष्टीत बसून जाईल. माजा शब्द."

"शब्दाला चाकं असतात व्हय रं?" चिमा म्हणाली आणि नातीला घेऊन बांधावरून निघून गेली.

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि हा सरपंचपदाला उभा राहिला. प्रचाराचं पहिलं भाषण त्यानं जागतिक साम्राज्यवादापासून सुरू केलं. तिथून तो गावच्या गटारापर्यंत पोचायच्या आत माझ्या जनरेटरचं डिझेल संपलं. पण त्या भाषणातलं एक वाक्य लोकांच्या डोक्यात राहिलं. "पदावर असेपर्यंत मी एकही नारळ फोडणार नाही. मी काम करीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं वाक्य चांगलं असलं की टाळ्या वाजवतात, ते खरं मानतात असं नाही.

तो निवडून आला याचं श्रेय खरं तर बुधाजीदादांचं. दादांना दोन पुतणे. कुणीही जिंकला तरी सरपंचपद घरातच राहावं म्हणून त्यांनी दोघांनाही दोन वेगळ्या पॅनलमधून उभं केलं आणि दोघांनाही मनापासून आशीर्वाद दिला. दोघांनी मतं अर्धी अर्धी वाटून घेतली आणि मधल्या फटीतून प्रवीण सरपंच झाला. त्याच्या मिरवणुकीला मीच स्पीकर दिला. गुलाल लाल होता म्हणून पोरगं फार खूश होतं.

मग सुरू झाला तो बिननारळाचा कारभार. अंगणवाडीचं दार उघडायचंय? हा जाऊन कडी काढायचा आणि म्हणायचा, झालं. पाण्याची टाकी? नळ सोडायचा आणि ओंजळभर पाणी प्यायचा. हळदीत त्याला शाल-श्रीफळ द्यायला लागले की तो शाल शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकायचा आणि श्रीफळ परत करायचा. परत आलेला नारळ घरात ठेवायचा कसा, म्हणून लोक तो अंबाबाईकडं पोचवायचे. ती मुकाट्यानं खोबरं खवून वड्या करायची. पक्षाची बैठक घरी असली की कॉम्रेड लोक अंधश्रद्धेवर बोलता बोलता ताटभर वड्या संपवायचे.

रस्त्यासाठी मात्र त्यानं जिवाचं रान केलं. पनवेल, अलिबाग, जिथं जिथं साहेब बसतात तिथं तिथं हा जाऊन बसला. एका साहेबांपुढं तो साम्राज्यवादापासून सुरू करायचा. ते साहेब चांगले होते, पण त्यांनाही संसार होता. पुढंपुढं प्रवीण केबिनच्या दारात दिसला की ते म्हणायचे, "पेमारे, आज रस्त्यापासूनच सुरू करा." एके दिवशी त्यांनी कागदावर सही केली आणि हात जोडले. मशीन आली, परगावची माणसं आली आणि त्याच्या मुदतीच्या शेवटच्या हिवाळ्यात गाव ते वाडी असा काँक्रीटचा पांढराशुभ्र रस्ता तयार झाला. रूपाली तेव्हा सातवीत होती.

रस्ता उघडायचा दिवस आला. प्रवीण तीन कोनशिलांच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "रस्ता तयार आहे. चला."

कुणी हललं नाही.

"चला की!"

मग गावातला एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "सरपंच, नारळ?"

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण. आमच्याकडं नवी वस्तू बिननारळाची वापरत नाहीत. गाडी असो, विहीर असो, घर असो. नारळ नाही दिला तर ती वस्तू आपला घास स्वतः घेते, आणि घेते ती पहिल्या वापरणाऱ्याचा. म्हणजे रस्ता सगळ्यांना हवा होता, फक्त पहिला पाय कुणालाच टाकायचा नव्हता. आणि नारळ कुणीही फोडून चालत नाही. काम ज्याचं, नारळ त्याचा.

झालं. नवाकोरा रस्ता मधोमध पसरलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गाव बांधावरून चालतंय, असं ते चित्र होतं. बायका डोक्यावर सरपण घेऊन ढेकळं तुडवत जायच्या आणि जाता जाता रस्त्याचं कौतुक करायच्या. "काय गुळगुळीत झालाय गं!" म्हशींनासुद्धा काठीनं हाकलून बांधावर ठेवायचे. एकदा कळंबच्या रिसॉर्टवरून मुंबईची चार माणसं सकाळी फिरायला आली आणि पार वाडीपर्यंत जाऊन गाणी म्हणत परत गेली. प्रवीण आनंदानं ओरडला, "बघा! काय झालं का त्यांना?" तर उत्तर आलं, "त्यांला आपला देव वळखत नाय."

वाडीवरची माणसं तरी येतील म्हणून तो चिमाकडं गेला. मीही बरोबर होतो. चिमा म्हणाली, "आमी पयलं कशाला? लस आली तवा बी आमालाच आदी टोचली. पुलावं पानी किती हाय ते बगायला आमचाच मानूस उतरवता. तुमचा रस्ता, तुमी चाला."

आम्ही दोघं परत फिरलो.

मग त्यानं ठरवलं की आपणच रोज सकाळ-संध्याकाळ रस्त्यावरून चालायचं. गाव बांधावर उभं राहून बघायचं. ती सगळी माणसं काही होतंय का याची वाट बघत होती, हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो बांधावरच्या लोकांकडं बघून हात हलवत चालला होता, चालता चालता रस्त्याची कड संपली आणि गडी धाडकन खालच्या शेतात. पाय मुरगळला, घोटा भोपळ्याएवढा सुजला. गावानं सुस्कारा सोडला. "घेतला," म्हातारा म्हणाला. "पन सरपंच हाय म्हनून पायावं भागलं. दुसऱ्याचा जीवच घेतला आस्ता."

अंबाबाईला राहवलं नाही. तिनं पहाटे जाऊन आपल्या हातानं एक नारळ फोडला. लोक म्हणाले, काम पोराचं, नारळ आईचा, हे कसं चालंल? मी बुधाजीदादांना विचारून पाहिलं. दादा म्हणाले, "दुसऱ्याच्या कामावं माजा नारळ? आमाला बी लाज हाय रं पदू." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आवरेना.

अशातच कर्जतच्या आगारातून साहेब आले, एसटीचा मार्ग बघायला. त्यांनी रस्ता बघितला, वळणं बघितली, वाडीपाशी गाडी वळवायला जागा बघितली. सगळं पसंत. मग त्यांनी बांधावरून चाललेली माणसांची रांग बघितली. "हे लोक तिकडून का चालतात?" प्रवीण लंगडत पुढं झाला आणि भाषण सुरू करणार, तोच मी त्याची बाही ओढली. साहेब म्हणाले, "अहो, रस्त्यावर माणूसच नाही तर गाडीत कोण बसणार? मी महिन्याभरानं परत येतो. रस्ता वापरात दिसला तर जूनपासून गाडी. नाहीतर मला काही करता यायचं नाही." आणि ते गेले.

त्या संध्याकाळी आम्ही कोनशिलांपाशी बसलो. प्रवीण दादांच्या पाटीच्या ओट्यावर, पाय लांब करून. समोरून रूपाली शाळेतून परत चालली होती, दप्तर डोक्यावर घेऊन, बांधावरून. ती थांबली आणि म्हणाली, "प्रवीणदादा, यष्टीत खिडकी मिळंल ना? आजी म्हनते मागं बसलं की मळमळतं." तो म्हणाला, "मिळंल." ती गेली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गाढवा, फोड ना एक नारळ! जूनला आठवी हुकली की ती पोरगी भट्टीची झाली. तुझ्या एका वाक्यापायी?"

तो म्हणाला, "काका, युनियन काढली ती गेली. नोकरी गेली. भाषण मला येत नाय, तुमीच म्हनता. माजं म्हनावं असं हे एकच हाय, नारळ न फोडलेला सरपंच. हे पन फोडू?"

मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. मी दोन्ही केलं नाही. तेवढ्यात तो बसल्या जागी वळला आणि पाठीमागची पाटी वाचायला लागला. 'खैरपाडा ते वाडी रस्त्याचे भूमिपूजन. शुभहस्ते...' वाचता वाचता त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"काका," तो म्हणाला, "या रस्त्याचा नारळ फुटलाय की."

"कधी?"

"ह्यो काय. दादांनी फोडलेला. रस्ता ह्योच. नारळ आदी फुटला, रस्ता मागनं आला."

"पण काम ज्याचं, नारळ त्याचा," मी म्हटलं. "त्यांचा नारळ चालायचा तर..." आणि मी थांबलो. त्यांचा नारळ चालायचा, तर काम त्यांचं ठरायला हवं.

"मंग ठरवू," तो म्हणाला. ज्या दगडाचा वाढदिवस करून तो पुढारी झाला होता, त्याच दगडाला टेकून तो हे बोलत होता.

पुढच्या रविवारी मी मंडप टाकला. बुधाजीदादांना सन्मानानं बोलावलं. प्रवीणनं माईक सरळ धरला, हे मी मुद्दाम सांगतो, आणि साम्राज्यवादाचं नावही काढलं नाही. "गावकऱ्यांनो, या रस्त्याचा नारळ दादांनी फोडलाय. तेव्हापासून या रस्त्यासाठी धडपड त्यांचीच. मी फक्त कागद इकडून तिकडं नेले. रस्ता दादांचा आहे. त्यांचा नारळ वाया गेलेला नाही, तो फक्त उशिरा लागू पडला. त्यांची मी चेष्टा केली, त्याबद्दल माफी मागतो."

गावात चर्चा झाली. नारळ इतकी वर्षं टिकतो का, यावर दोन मतं पडली. शेवटी ठरलं की खोबरं टिकत नाही पण फोडणं टिकतं. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी हळदीत त्यांना त्या पाटीवरून टोमणे खावे लागले होते. ते उठले, रस्त्याच्या तोंडाशी गेले, पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "पदू, तवाचा नारळ आतून नासका निघालता रं. मी पटकन झाकला." मग त्यांनी मागं वळून प्रवीणचा हात धरला. "तू बी चल माज्यासंगट."

असे ते दोघं निघाले. प्रवीण लंगडत होता म्हणून त्याचा हात दादांच्या खांद्यावर, आणि दादा घाबरले होते म्हणून त्यांचा हात प्रवीणच्या कमरेला. सगळ्यांनी फोटो काढले. वाडीपर्यंत जाऊन दोघं जिवंत परत आले, आणि मग जे गाव रस्त्यावर उतरलं ते काही विचारू नका. माणसं, म्हशी, कोंबड्या, वाळवणंसुद्धा. महिन्याभरानं आगाराचे साहेब आले तर त्यांच्या जीपला वाट मिळेना. हॉर्न वाजवून वाजवून ते कंटाळले आणि म्हणाले, "पुरे, वापरात आहे. जूनपासून गाडी."

त्यानंतर निवडणूक. दादांनी यावेळी एकच पुतण्या उभा केला आणि नाक्यावर मोठा बॅनर लावला. त्यावर तोच फोटो, प्रवीण दादांच्या खांद्यावर टेकलेला. खाली लिहिलं होतं: 'विरोधकांनाही ज्यांचा आधार'. प्रवीण सपाटून पडला. गावच्या मतांचं राहू द्या, वाडीवरची मतंसुद्धा दादांच्या पुतण्याला गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण वाडीनं ते लपवलंच नाही. प्रवीण मला घेऊन चिमाला भेटायला गेला तेव्हा ती सरळ म्हणाली, "रस्ता त्यानं केला ना? तूच माईकवं सांगितलंस. का खोटं बोलत हुतास?"

"नाय आजी," तो म्हणाला.

घरी येताना वाटेत तो खूप हसला. मग हसताना मध्येच थांबला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. पोटच्या पोराचं वाटावं तसं.

शाळा उघडली त्या सोमवारी कोनशिलांपाशी एसटी आली. लाल गाडी, पाटीवर वाडीचं नाव. गावानं झेंडूचे हार घातले. रूपाली नव्या गणवेशात, तेल लावून घट्ट वेण्या, आधीच चढून खिडकीशी बसलेली. आईबाप भट्टीवरून परतलेले, दोघंही लांब उभे राहून बघत होते. नवा सरपंच आणि दादा अलिबागला अडकले होते. ड्रायव्हर खाली उतरला, चाकांकडं बघितलं, लोकांकडं बघितलं आणि म्हणाला, "नवा मार्ग हाय. नारळ?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात चिमानं पदराखालून नारळ काढला. कडावहून आणलेला, चांगला शेंडीवाला. तो तिनं प्रवीणपुढं धरला.

"आजी, मी नाय फोडत. तुला ठाव हाय."

"पदावं हाय तवर नाय, असं म्हनाला हुतास. आता तू कुठं पदावं हायस?"

भाषणातलं वाक्य म्हातारीनं नीट लक्षात ठेवलं होतं. प्रवीणनं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, खिडकीतल्या पोरीकडं बघितलं आणि नारळ घेतला. जवळ दगड कुठला? तर दादांची कोनशिला. त्यानं हात उचलला आणि मारला.

जन्मात कधी नारळ फोडला नव्हता बिचाऱ्यानं. खण्णकन आवाज आला आणि पाटीला तडा गेला. लोक म्हणाले, जोरात मार. त्यानं जोरात मारला. 'शुभहस्ते'पासून वरची अर्धी पाटी खाली पडली. नारळाला ओरखडासुद्धा नाही. तिसऱ्या फटक्यासाठी त्यानं हात उचलला, तेवढ्यात खिडकीतून रूपाली ओरडली, "आजी, घंटा हुईल गं शाळंची!"

ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, "अरे बाप रे" म्हणाला, आणि चढला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी निघाली, नव्या रस्त्यावरून वाडीपर्यंत जाऊन वळली आणि गावातून कडावकडं गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर सगळ्यांना एकदम कळलं की नारळ फुटलेला नाही. हळूहळू एकेक जण कामाला निघून गेला.

चिमा मात्र गेली नाही. तुटक्या पाटीच्या ओट्यावर बसून राहिली. प्रवीण तिच्या शेजारी बसला, नारळ मांडीवर घेऊन. दुपारी मी दुकानातून जेवायला जाताना बघितलं तर दोघं तिथंच. मी प्रवीणला विचारलं, "तिचं ठीक आहे. तू कशाला बसलायस रे? तू तर यातलं काही मानत नाहीस."

"सहज," तो म्हणाला. पण त्याची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजला. म्हातारी उठायच्या आधी तो उठला. गाडी थांबली, आजीला बघून रूपाली इथंच उतरली. चिमानं तिला धरून पुढून बघितली, मागून बघितली, हातपाय चाचपले.

"खिडकी मिळाली का?" प्रवीणनं विचारलं.

"मिळाली. मळमळलं नाय," रूपाली म्हणाली आणि दप्तर पाठीवर टाकून रस्त्याच्या मधोमध चालत वाडीकडं निघाली.

चिमा तिच्यामागं दोन पावलं गेली, मग परत आली. प्रवीणच्या हातातला नारळ तिनं घेतला, कानाशी हलवून बघितला आणि परत त्याच्याच हातात दिला.

"पानी हाय आत," ती म्हणाली. "घरी ने. आईला सांग, वड्या कर."